डावा हात दोन बोटं खाली

फेब्रुवारी सरत आला की सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये हळदीचा वास येऊ लागतो. तिकडे मार्केट यार्डात हळकुंडांची पोती उतरलेली असतात, पॉलिशचे ड्रम दिवसभर घरघरत असतात, आणि त्यांतून उडालेली बारीक पूड वाऱ्याबरोबर कुठे कुठे जाते. आमच्या खिडकीच्या गजांवरही येऊन बसते. सराव करणारी मुलं शिंकतात. "सर, खिडक्या लावू का?" म्हणतात. लावा, म्हणतो. मुलं घरी गेली की मी त्या पुन्हा उघडतो आणि खुर्ची ओढून बसतो. लोकांना या वासानं लग्नघर आठवतं. मला फसवणूक आठवते.

दारावर बोर्ड आहे, त्यावर माझ्या नावाखाली 'स्ट्राइकिंग कोच' असं रंगवलंय. ही पदवी मी घेतलेली नाही, मुलांनी चिकटवली. आता ठोसे, लाथा, गुडघे, सगळं एकत्र करून लढायचे खेळ आलेत, आणि त्यांत उभ्यानं मारायचं शिकवणाऱ्याला असंच म्हणतात म्हणे. आमचे अण्णा, म्हणजे वडील, हयात असताना एकदा हॉलवर आले होते. त्यांनी एकेक अक्षर लावत बोर्ड वाचला आणि मला विचारलं, "स्ट्राइक म्हंजे संप न्हवं? मग पोरांना संप करायला शिकवतूस व्हय रं?" जन्म हमालीत गेलेल्या माणसाला तो शब्द तेवढ्यापुरताच ठाऊक होता. मी हो म्हणालो. ते खूश झाले.

नवं कुणी शिकायला आलं की पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी सांगतो. एक, त्याच्या अंगात खोड कोणती आहे. कुणी मारायच्या आधी खांदा उचलतो, कुणी ओठ चावतो, कुणी जिथं मारायचं तिकडे डोळे नेतो. ते मी तोंडावर सांगतो, गोड करून सांगत नाही. काही मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. न येवोत. दुसरी गोष्ट, माझा डावा डोळा असा निकामी का आहे. ती गोष्ट जरा लांब आहे आणि तिचा शेवट ठरलेला आहे, "नाहीतर मी जिंकलो असतो." बायकोनं ते वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ती ते माझ्या आधी म्हणून टाकते.

तिनं थट्टा करावी, पण माझ्याजवळ तेवढंच होतं. घरात पदक नाही, कात्रण नाही, फोटो एकच, त्यात मी डोळे मिटलेले. बाकी सगळी पुंजी म्हणजे ते वाक्य. त्याच्यावर मी लग्न केलं, संसार केला, दोनशे-तीनशे पोरं शिकवली.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमचं मूळ गाव औंधच्या पूर्वेला, माळरानाचं. आजोबा मेंढरं राखायचे, चुलते अजूनही राखतात. अण्णा मात्र एका दुष्काळात सांगलीला आले आणि हळदीच्या वखारीत हमाली करू लागले. मी बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर सुट्टीत त्यांच्या हाताखाली जाऊ लागलो. हमालाचा लोखंडी हूक उजव्या हातात धरायचा, पोत्याच्या कानात अडकवायचा, आणि हिसडा देताना डावा खांदा जरा खाली घ्यायचा म्हणजे पोतं पाठीवर आपसूक बसतं. अण्णांनी मला ते एकदाच दाखवलं. अंगानं ते कायमचं उचललं.

त्याच वखारीवर मास्तर वॉचमन होते. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. आटपाडीकडचे, लहानपण तालमीच्या मातीत गेलेलं, पुढे पलटणीत बॉक्सिंग शिकलेले. पेन्शन घेऊन आले आणि वखारीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मी पोतं घेताना त्यांनी एकदा माझं मनगट धरलं, हाडं चाचपली, आणि अण्णांना म्हणाले, "ह्येला मला द्या. ह्येच्या हातात काय तरी हाय." अण्णा म्हणाले, "घ्या की. काम झाल्यावर घ्या."

त्यानंतरची सात-आठ वर्षं मी त्यांचा होतो. पोत्यात भाताचं तूस आणि वाळू भरून त्यांनी माझी बॅग केली, तुळईला टांगली. दोरीउड्या वखारीच्या फरशीवर. पावसाळ्यात वखार रिकामी असायची, तेव्हा आम्हांला पळायला, सरकायला भरपूर जागा. पण हळद यायला लागली की पोत्यांची थप्पी चढायची. आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या. मार्च उजाडेपर्यंत आमच्या वाट्याला दोन थप्प्यांच्या मधली एक बोळ तेवढी उरायची. तिथंच मी लढायला शिकलो. पाठीमागे पोती, दोन्ही अंगांना पोती, समोर मास्तरांचे हात. मागं सरायला जागाच नसल्यामुळे मागं सरणं मला कधी आलं नाही. त्याचा मला अभिमान वाटायचा, हे विशेष.

घाम आला की अंग पिवळं व्हायचं. बनियन पिवळा, टॉवेल पिवळा, थुंकी पिवळी. घरी गेलो की आई म्हणायची, "आला नवरदेव. आरं, लगीन तरी कुनाशी लागलंय सांग." गल्लीतल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मी तेव्हा चिडायचो. आता कुणी तसं हसलं तर बरं वाटेल.

मी विशीत पोचलो त्या वर्षी मुंबईची एक कंपनी गावोगाव लढती लावत फिरत होती. तंबू, दोर बांधलेला रिंग, तिकिटं, रिक्षावर कर्णा. लोक तिला बॉक्सिंगची सर्कस म्हणत, आणि ते फार चूक नव्हतं. तरी लढती खऱ्या असत आणि पेशानं लढणारे लोक त्यांत असत. मी तिच्यातर्फे पाच लढलो, पाच जिंकलो. सहावी साताऱ्यात, कोरेगावच्या सुदामशी. कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं की जो जिंकेल त्याला दोन वर्षांच्या कराराने मुंबईला नेऊ, रोजचा सराव, राहणं, जेवण सगळं आमच्याकडे, आणि पुढे जमलं तर बाहेरच्या देशांत. मी ते अण्णांना सांगितलं. अण्णांनी हातातला हूक भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "मग त्यो तिथंच ऱ्हाऊ दे तुजा." मला हूक धरायचा नव्हता. पुन्हा कधीच नाही. मला त्या लढतीतून फक्त एवढंच हवं होतं.

तो महिना मला तासातासानं आठवतो. पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत पळणं, नदीवर धुकं, परतताना पॉलिशवाल्यांनी पेटवलेल्या शेकोट्या. अण्णांनी माझ्या वाट्याची पोती स्वतः उचलली, मला हात लावू दिला नाही. मास्तर म्हणत, "लय भारी. आसंच." एवढंच म्हणत. कधी रागावले नाहीत, कधी चूक काढली नाही. मला वाटायचं, चूक नसेलच. आज मी स्वतः शिकवतो म्हणून सांगतो, जो शिकवणारा महिनाभर एकही चूक काढत नाही त्याच्यापासून सावध राहावं. पण ते शहाणपण नंतरचं.

साताऱ्याला आम्ही एस.टी.नं गेलो. मास्तरांनी धोतराच्या सोग्यात शेंगा आणि गूळ आणला होता. कराड येईपर्यंत ते पलटणीतल्या गोष्टी सांगत होते. सुदामला शिकवणारे त्यांचे जुने दोस्त, पलटणीत एकाच तुकडीतले, एका ताटात जेवलेले. "त्यो आन् मी म्हंजे भाऊच," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होतो. ऊस, ऊस, मधे हळदीचे वाफे काढून मोकळी झालेली रानं. मी मनातल्या मनात मुंबईतल्या खोलीला रंग देत होतो.

लढत संध्याकाळची, एका शाळेच्या मैदानावर. अजिंक्यताऱ्यामागे ऊन उतरलं होतं. कोरेगावकडची माणसं टेम्पो भरभरून आली होती. कर्ण्यावरच्या माणसानं मला 'सांगलीचा पिवळा वाघ' म्हणून पुकारलं आणि मैदान खदाखदा हसलं, कारण माझे कान अजून पिवळे होते. रिंगणात शिरताना मी खाली वाकून हात टेकला आणि कपाळाला लावला. मास्तरांनी लावलेली तालमीतली सवय. हाताला माती लागली नाही, नुसतं खरखरीत कापड लागलं.

पहिल्या फेरीत मी तीनदा उजवा हात सोडला. तिन्ही वेळा माझा हात पोचायच्या आधी सुदामचा हात माझ्या डाव्या डोळ्यावर आला. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा भीती वाटली. मी काय करणार हे त्याला माझ्या आधी कळत होतं. फेरी संपल्यावर मी स्टुलावर बसलो आणि विचारलं, "मास्तर, त्याला कसं कळतंय?" त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. "दम खा," म्हणाले. "मागं सर जरा. मागं सरून खेळ."

मागं सर. त्या बोळीत आठ वर्षं मला जे कधी शिकवलं नाही ते त्यांनी मला एका मिनिटाच्या विश्रांतीत सांगितलं. मी दुसऱ्या फेरीत पुढे गेलो, तिसऱ्या फेरीत पुढे गेलो. चौथ्या फेरीत डाव्या डोळ्यासमोर काळं काही तरी खालून वर चढू लागलं, पाण्यात शाई सोडावी तसं. मग कधी तरी मी गुडघ्यावर होतो आणि पंच आकडे मोजत होता. आठ ऐकल्याचं आठवतं. मैदान सुदामच्या नावानं ओरडत होतं. मी मास्तरांना शोधत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या कोपऱ्यातल्या आपल्या दोस्ताकडे बघत होते.

डोळ्याचा पडदा सुटला होता. मिरजेच्या दवाखान्यात मला उताणं झोपवून ठेवलं, मान हलवायची नाही. मास्तर रोज यायचे. थर्मासमधून चहा आणायचे, बशीत ओतून माझ्या ओठांना लावायचे. अण्णा कामावर असत, आई शिणलेली असे, तेव्हा माझं तोंड पुसणं, पाय दाबणं सगळं मास्तरांनी केलं. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणायची, "आवं, सख्खा बाप करनार न्हाई एवढं करताय." मास्तर बशी विसळायला उठत.

आठ-दहा दिवसांनी सुदाम आला. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन, चप्पल खोलीबाहेर काढून, अपराधी माणसासारखा. उंचापुरा, देखणा गडी. पेढे कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते माझ्या पायाशी ठेवले.

"गड्या, येवडं लागंल आसं वाटलं नव्हतं मला," तो म्हणाला. "मास्तर म्हणालं व्हतं, दोन-चार बसल्यावर त्यो मागं सरंल. तू मागं का सरला न्हाईस?"

मी विचारलं, "कोण मास्तर?"

"तुजंच की. त्येंनीच सांगितलं, उजवा टाकायच्या आदी डावा हात दोन बोटं खाली येतोय म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "म्हंजे… तुला ठावं नव्हतं? आमाला वाटलं, तुला इचारूनच ठरलंय. आमच्या मैदानात आमचा मान, सांगलीच्या मैदानात तुजा."

बाहेरच्या माणसाला हे नीट समजणार नाही. आमच्याकडे जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं. नामांकित जोड लागली, आणि एक गडी यजमान गावचा असला, की कधी कधी दोन्हीकडचे वस्ताद आदल्या दिवशी झाडाखाली बसतात, पान खातात. गावच्या पोरानं गावच्या देवीसमोर पाठ टेकावी असं कुणालाच वाटत नसतं. मग कुस्ती बराच वेळ रंगते, पंच दोघांचे हात वर करतात, फेटे उडतात, आणि पुढच्या जत्रेत दुसऱ्या गावी त्याची परतफेड होते. बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. त्यात कुणाला पाप वाटत नाही. तो मान. मास्तरांनी आणि त्यांच्या दोस्तानं बॉक्सिंगला तोच हिशेब लावला. फक्त बॉक्सिंगमध्ये दोघांचे हात वर करता येत नाहीत, म्हणून त्यांनी माझी खोड देऊन टाकली. मला सांगितलं नाही, कारण मी ऐकलं नसतं. बरोबर आहे, मी ऐकलं नसतंच.

सुदाम रडला. खरंच रडला. मी त्याला म्हणालो, जा बाबा, तुझं काही चुकलं नाही. तो गेल्यावर मी पेढ्यांचा पुडा पायानं खाली ढकलला. संध्याकाळी मास्तर आले. त्यांनी वाकून एकेक पेढा उचलला, फुंकर मारून पुड्यात भरला, आणि कुणी आणले हे विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला. मी प्यायलो.

सांगलीची लढत झालीच नाही. पावसाळ्याआधी कंपनीनं तंबू गुंडाळला. सुदाम मुंबईला गेला, वर्षभरानं परत आला, आता त्याची कोरेगावात शेती आहे, ट्रॅक्टर आहे, आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातो. मी वर्षभर हूक धरला. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, पोत्याच्या कानाऐवजी हूक हवेत जायचा, आणि अण्णा तोंड फिरवून उभे राहायचे. शेवटी विश्रामबागेत कराटेच्या एका वर्गात ठोसे शिकवायला माणूस हवा होता, तिथं मी लागलो. ते काम मला कुणी बघून दिलं? मास्तरांनीच. चालत गेले, वर्गवाल्याशी बोलले, आणि घरी येऊन म्हणाले, "सोमवारपास्नं जा." मी गेलो. फसवलेल्या माणसानं फसवणाऱ्याचे उपकार घ्यावेत, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही. ती चीडही मी त्यांना कधी दाखवली नाही.

दर गुढीपाडव्याला नवी हळद घेऊन मी त्यांच्या घरी जात राहिलो. पाया पडायचो. चहा व्हायचा. त्यांच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या मुलांबद्दल, यंदाच्या दराबद्दल बोलणं व्हायचं. एवढी वर्षं झाली, पण त्या लढतीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटायचं, त्यांनी आपणहून सांगावं. म्हणावं, चुकलं माझं, तू जिंकला असतास. मी वाट बघत होतो. दरवर्षी तो वास आला की वाटायचं, यंदा म्हणतील.

यंदा मात्र रेश्मा मधे आली. रेश्मा माझी विद्यार्थिनी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, वडील एस.टी.त कंडक्टर. ठोसे आणि लाथा दोन्ही चालतात त्या खेळात लढते. चार वर्षं एक दिवस चुकवला नाही तिनं. येत्या रविवारी तिची साताऱ्यात लढत आहे. जिंकली तर राज्याच्या संघात, आणि त्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज. हरली तर मे महिन्यात लग्न, असं घरात ठरलंय. परवा सराव झाल्यावर कुणा नव्या पोराला मी माझी गोष्ट सांगत होतो. ती घाम पुसत ऐकत होती. माझं ठरलेलं वाक्य झालं आणि ती म्हणाली, "सर, तुम्ही त्यांना विचारलंत का कधी? की असं का केलं म्हणून?"

"नाही."

"का?"

इतकी वर्षं मी मुलांना त्यांच्या खोडी सांगत आलो, आणि ही पोरगी मला माझी सांगत होती.

पाडव्याला अजून अवकाश होता, तरी काल दुपारी मी हळदीची पिशवी घेऊन गेलो. मास्तर ओसरीवर पलंगावर होते. ऐंशी पार केलीय, हात थरथरतात, डोकं मात्र लखलखीत. सुनेनं चहा आणला. त्यांनी पिशवीत हात घालून एक हळकुंड काढलं, नखानं खरवडलं, वास घेतला. "चांगली शिजलीया," म्हणाले. मी कप खाली ठेवला आणि विचारून टाकलं.

"मास्तर, साताऱ्याला तुम्ही सुदामला माझी खोड का सांगितलीत?"

ते दचकले नाहीत. मला वाटतं, तेही वाट बघत होते.

"आमचं दोघां दोस्तांचं बोलनं झालं व्हतं," ते म्हणाले. "सातारा त्येंचं, सांगली आपली."

"पण मी जिंकणार होतो, मास्तर. पाच जिंकलो होतो. मला न विचारता तुम्ही माझी जिंकलेली लढत देऊन टाकलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, लाज नव्हती. लहान मुलानं भलता हट्ट धरला की बघतात तसं बघितलं.

"न्हाई रं पोरा," ते म्हणाले. "तू जिंकनार नव्हतास."

सून कप न्यायला आली होती, ती दारातच थांबली.

"ते पाच गडी कच्चं व्हतं. सुदाम पक्का. तुजी ती खोड हमालीची, मी पयल्या दिशी बघितली. काडायला लय हात मारलं सुरवातीला, तू ल्हान व्हतास, तुला आठवत नसंल. ती निगत न्हाई. सुदामला मी न्हाई सांगितलं आस्तं तरी तिसऱ्या फेरीत त्येनं वळखलं आस्तं. मग म्हणलं, जाऊ दे. ही लढत आशीबी जानार, तशीबी जानार. निदान ह्येच्या बदल्यात सांगलीची तरी तुला मिळंल. तुज्या बापासमोर, गल्लीसमोर. तेवड्यासाठी बोललो मी दोस्ताशी."

"मग मला मुंबईचं स्वप्न का बघू दिलंत? लय भारी, लय भारी का म्हणत होतात?"

त्यांनी हळकुंड पुन्हा पिशवीत ठेवलं.

"तुला लय हौस व्हती," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडलो का, ते आठवत नाही. पडलो असेन. हॉलपर्यंत मी चालत आलो. रस्त्यावर सगळीकडे तो वास होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आलं ते वेगळंच. इतकी वर्षं मी समजत होतो की एका माणसानं माझा विजय विकला. त्या माणसाचा मला राग होता, आणि त्या रागाला धरून मी ताठ उभा होतो, कारण विकायला तरी माझ्यापाशी काही होतं. आता तेही गेलं. माझ्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला माझा एक दिवसही भरवसा वाटला नव्हता. पहाटे नदीवर मी पळायचो तेव्हा नाही, माझी पोती स्वतः उचलून अण्णांनी मला सरावाला मोकळं ठेवलं तेव्हा नाही, एस.टी.त शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवताना नाही. यापेक्षा त्यांनी मला वैऱ्यासारखं विकलं असतं तर परवडलं असतं.

आणि ते खरं बोलत होते का? मी शिकवणारा माणूस आहे. मी ती लढत एका डोळ्यानं का होईना हजार वेळा बघितली आहे. काल पहिल्यांदा मी ती शिकवणाऱ्याच्या नजरेनं बघितली. पिवळ्या कानांचा एक पोरगा, हात चांगले, पायांत काही नाही, मागं सरता येत नाही, डावा हात पडतो. असा पोरगा माझ्याकडे आला असता तर मी त्याला काय सांगितलं असतं, ते मला ठाऊक आहे. ते मी इथे लिहीत नाही.

आज सकाळी रेश्मा सगळ्यांच्या आधी आली. "सर, विचारलंत?"

"म्हातारे झालेत," मी म्हणालो. "त्यांना काही आठवत नाही."

तिनं मान हलवली. बॅगेतून पट्ट्या काढल्या, हातांना गुंडाळायच्या. लढतीच्या आठवड्यात पट्ट्या मी बांधतो, माझ्या हॉलची तशी पद्धत आहे. ती समोर स्टुलावर बसली आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी एक पट्टी तिच्या अंगठ्यात अडकवली. साताऱ्याची मुलगी तिच्याहून उंच आहे, तिच्या लढतीची चित्रफीत मी तीनदा बघितली आहे. रेश्माची डावी लाथ अजून उशिरा येते. ते तिला मी चार वर्षांत शंभरदा सांगितलंय. ती जिंकेल असं मला वाटतं का, ते कधी सांगायची वेळ आली नव्हती, कारण तिनं विचारलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मी जिंकेन ना?"

"जिंकशील की," मी म्हणालो.

पण ते शब्द तोंडातून यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. मीच तिला शिकवलंय, हातांकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. तिनं आपला हात हळूच माझ्या हातातून सोडवून घेतला. "राहू द्या सर," म्हणाली, "मी बांधते." आणि मनगटापासून सुरुवात करून, दातांत टोक धरून, ती स्वतःच्या हातांना पट्ट्या गुंडाळू लागली.